मावशीचा ग्लास आणि मधमाशीचा डिंक



गेल्या महिन्यात एका स्टीलच्या ग्लासाने आमच्या घरात सगळ्यांना हैराण केलं. आत, तळाच्या थोडं वर, पिवळट-तपकिरी रंगाचं एक चिकट कडं बसलेलं. भांड्यांना येणाऱ्या अम्मांनी घासून पाहिलं, मी गरम पाणी, लिंबू, सोडा सगळं करून पाहिलं. कडं जागचं हलेना. शेवटी वैतागून सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले आणि कापसाने पुसलं, तर एका फटक्यात निघालं. पाण्याला दाद न देणारं पण अल्कोहोलमध्ये विरघळणारं, म्हणजे राळेसारखं काहीतरी असणार, इतकी केमिस्ट्री मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून आठवत होती. पण राळ आमच्या ग्लासात आली कुठून?

ग्लास मावशीचा होता. मावशी नांदेडची. स्तनाच्या कॅन्सरचं निदान झाल्यापासून ती उपचारांसाठी हैदराबादला येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे ओळखीचं चित्र असेल. नांदेड, परभणीकडचं माणूस आजारी पडलं की देवगिरीत बसतं आणि सिकंदराबादला उतरून आपल्याकडे मुक्कामाला येतं. मावशीच्या आठ केमो ठरल्या होत्या. त्यातल्या चार झाल्या होत्या. केस गेले होते, जिभेची चव गेली होती, तोंड आलं होतं.

"मावशी, हे रोज सकाळी पाण्यात काय टाकून घेतेस?"

"काही नाही गं. मधमाशीचं औषध आहे, नैसर्गिक. दादाने ऑनलाइन मागवलंय." दादा म्हणजे माझा मावसभाऊ.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांना कशाला सांगायचं? ओरडतील उगाच." मग थोडं थांबून ती म्हणाली, "याने गुण आला तर पुढच्या चार केमो नको म्हणणार आहे मी. नाही होत आता मला."

बाटलीवर लिहिलं होतं 'प्रोपोलिस'. त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसले. जे वाचलं आणि त्यानंतर जे घडलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण असा फॉरवर्ड कधी ना कधी आपल्या प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर येतो.

आधी प्रोपोलिस म्हणजे काय ते पाहू. मध नव्हे, मेणही नव्हे. कामकरी माश्या झाडांच्या कळ्यांवरून आणि सालीवरून चिकट राळ खरवडतात, मागच्या पायांवरच्या टोपलीत भरून पोळ्यात आणतात आणि तीत मेण मिसळतात. या लुकणाने त्या पोळ्याच्या फटी बुजवतात, दार लहान करतात. एखादा उंदीर आत शिरून मेला आणि त्याचं धूड बाहेर ओढणं जमलं नाही, तर त्यावरही त्या याचाच लेप देतात, म्हणजे ते सडत नाही. शब्द मूळ ग्रीक. 'प्रो' म्हणजे पुढे, 'पोलिस' म्हणजे नगर. नगराच्या वेशीवरची राखण, असं समजा. जंतू आणि बुरशी यांना हा पदार्थ खरोखरच अटकाव करतो. तेव्हा त्याच्या औषधी गुणांबद्दल माणसाला कुतूहल वाटलं, यात नवल नाही.

मजा अशी की महाबळेश्वरचा मध देणारी आपली सातेरी मधमाशी प्रोपोलिस जवळजवळ करतच नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते याच मधाच्या परंपरेवर. बाटलीतलं प्रोपोलिस बहुधा मेलिफेरा माशीचं असतं. ही युरोपीय जातीची माशी १९६० च्या दशकात पंजाबात स्थिरावली आणि मग देशभर पसरली. आपल्याकडच्या डंख नसलेल्या बारीक पोयाच्या माश्याही राळ भरपूर वापरतात.

प्रोपोलिसमध्ये ढोबळमानाने निम्मी राळ, तीस टक्के मेण आणि उरलेल्या भागात सुगंधी तेलं, परागकण वगैरे असतं. आजवर त्यात तीनशेहून अधिक रसायनं सापडली आहेत. मात्र ती सगळीकडे सारखी नसतात. युरोपातल्या माश्या पॉप्लरच्या कळ्यांची राळ आणतात. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस एका वेगळ्याच झुडपापासून येतं आणि त्यातली मुख्य रसायनं पार निराळी असतात. आजूबाजूला जी झाडं, तसं प्रोपोलिस. म्हणजे दोन बाटल्यांवर नाव एकच असलं तरी आतला माल एक असेलच असं नाही.

मग कॅन्सरचा संबंध आला कुठून? तो हवेतून आलेला नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रोपोलिसमधलं एक रसायन वेगळं काढून तपासलं. त्याचं नाव लांबलचक आहे, संक्षेपात त्याला 'केप' म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी या केपने मेल्या आणि निरोगी पेशींना त्या मानाने कमी इजा झाली. पुढे उंदरांवरच्या काही प्रयोगांतही आशा वाटावी असे निकाल आले. तेव्हापासून जगभरात, भारतातही, प्रोपोलिस आणि कॅन्सर या विषयावर ढिगाने शोधनिबंध निघाले. दादाने मला पाठवलेल्या लिंक्स खोट्या नव्हत्या. त्यातले बहुतेक निबंध खरे होते.

पण निबंध खरा असणं आणि मावशीला गुण येणं यांत अंतर किती आहे, ते दादाने पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत मीही पाहिलं नव्हतं.

यातल्या अनेक निबंधांत 'एमसीएफ-७' नावाच्या पेशी भेटतात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्ण ननच्या शरीरातून त्या घेतल्या गेल्या. ती बाई गेली, पण तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. भारतात अशा पेशींचं भांडार आपल्या पुण्यात आहे. विद्यापीठाच्या आवारातली नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था देशातल्या प्रयोगशाळांना त्या पुरवते. पेशी आणायच्या, प्लास्टिकच्या बशीत वाढवायच्या, वर प्रोपोलिसचा अर्क घालायचा आणि किती मेल्या ते मोजायचं. संशोधनाची ही पहिली पायरी आहे आणि तिची गरजही आहे. पण बशीत पेशी मारणं सोपं असतं. मीठ जास्त घातलं तरी त्या मरतात.

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर चाललेली गोष्ट लाखो लोक वापरायला लागले की का पडते, हे शोधण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं. बशीतली पेशी म्हणजे प्रोग्रॅमरचा लॅपटॉप. तिथे पोट नाही, यकृत नाही, मूत्रपिंड नाही.

मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. समजा, बशीत दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम अर्क घातल्यावर पेशी मरतात. माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असतं. तिथे तितकीच तीव्रता आणायची तर २ ग्रॅम अर्क एकाच वेळी अंगभर पसरायला हवा. मावशी रोज घ्यायची वीस थेंब, म्हणजे सुमारे १ मिलिलिटर. अर्क २० टक्क्यांचा धरला तर त्यात झाले २०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या एक दशांश. तेही पोटात गेलेलं सगळंच्या सगळं रक्तात उतरलं तर. प्रत्यक्षात अशी वनस्पतिज रसायनं आतड्यातून थोडीच शोषली जातात आणि यकृत त्यांचं रूप बदलून त्यांना झटपट बाहेर काढतं. मग थेंब वाढवले तर? वाढवलेल्या डोसाने गाठीआधी आणखी कशाला इजा होईल, हे मोठ्या चाचण्यांशिवाय कळत नाही. प्रोपोलिसने कॅन्सर बरा होतो, असं माणसांवरच्या मोठ्या चाचणीत आजवर दिसलेलं नाही. १९८८ पासून इतकी वर्षं लोटली, पण कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही.

माणसांवर थोडंफार काम झालंय ते वेगळ्याच बाबतीत. केमो किंवा रेडिएशनमुळे तोंडात जे फोड येतात, त्यांच्यासाठी प्रोपोलिसच्या गुळण्यांचा उपयोग होतो का, हे काही छोट्या चाचण्यांमध्ये पाहिलंय. त्यातल्या काहींत फायदा दिसला. पण तो आजार बरा होण्याचा नव्हे, त्रास कमी होण्याचा. आणि त्या गुळण्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या होत्या.

इथवर वाचून झाल्यावर, मावशीला हे सगळं सांगून तिची समजूत पटेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे तो हिशेबाचा कागद ठेवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई. पण निदान हे झाडापानाचं तरी आहे. ते सलाईनमधून सोडतात ते विष आहे."

मी गप्प झाले. मग तिची फाइल घेतली आणि पुढच्या चार केमोंसाठी कोणतं औषध लिहिलंय ते पाहिलं. पॅक्लिटॅक्सेल. त्याची गोष्ट शोधत गेले, तर ती थेट नंदुरबारला पोचली.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये खानदेशातल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले. १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या मोहिमेत वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून 'यू' नावाच्या झाडाची साल गोळा झाली होती. झाडापानांत कॅन्सरवर काही सापडतं का, याचाच तो शोध होता. सालीचा अर्क पेशींना मारतो असं १९६४ मध्ये दिसलं. वॉल आणि वाणी तिथे थांबले नाहीत. १२ किलो सालीतून त्यांनी जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ वेगळा काढला आणि त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तो पेशींचं विभाजन नेमकं कसं अडवतो, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या आणि १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. साल गोळा करण्यापासून ३० वर्षं. वाणी २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी गेले.

याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. बशीत आणि उंदरांत ते छान चाललं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना दिलं, तेव्हा मूत्राशयाला इतकी इजा होऊ लागली की चाचण्या बंद कराव्या लागल्या. ते पेशीत नेमकं काय करतं हे १९८५ मध्ये उलगडलं, मग रेणूत बदल करून दोन नवी औषधं तयार झाली आणि १९९६ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही भरपूर असतं. तोडल्यावर घाण वास येतो म्हणून नाव नरक्या. त्याची इतकी चोरटी तोड झाली की वनखात्याला त्यासाठी राखण करावी लागते. आणि आपल्या बाल्कनीतल्या कुंडीतली सदाफुली? मधुमेहावर चालते म्हणून कॅनडात तिची पानं तपासली गेली, तर साखरेऐवजी पांढऱ्या पेशीच कमी झाल्या. त्यातून मिळालेलं औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आज जगभर वापरतात. त्याचा डोस दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतो. म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावून खायची नाहीत. पानात ते किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, "मावशी, तुझं पुढचं सलाईन झाडाच्या सालीतूनच निघालंय. आणि ते शोधणारा माणूस नंदुरबारला जन्मलेला."

"आपल्या नंदुरबारला?" तिने पहिल्यांदाच मान वर करून विचारलं. मग तिने सगळी गोष्ट ऐकून घेतली. अर्धा ग्रॅम, तीस वर्षं, सगळं. शेवटी म्हणाली, "मग या मधमाशीच्या डिंकाचं अजून तसं केलेलं नाही म्हणायचं." माझ्या हिशेबाच्या कागदापेक्षा हे वाक्य कितीतरी नेमकं होतं.

पुढच्या तपासणीला आम्ही बाटली सोबत नेली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी लेबल वाचलं आणि दोनच प्रश्न विचारले. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मध, मेण, परागकण यांची ॲलर्जी आहे का? मावशीला हृदयासाठी तशी गोळी चालू होती आणि अशा पदार्थांमुळे रक्तस्राव वाढण्याचा धोका असू शकतो. शिवाय प्रोपोलिसची ॲलर्जी बऱ्याच जणांना येते. नवीन औषध सुरू होताना अंगावर पुरळ उठलं, तर ते औषधामुळे की थेंबांमुळे, हे कळणार कसं? कदाचित चांगलं औषध विनाकारण बंद होईल. आम्ही प्रोग्रॅमर मंडळी तरी दुसरं काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड सापडत नाही. उपचार संपेपर्यंत थेंब बंद ठरले. तोंडासाठी त्यांनी मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि एक मलम दिलं. तोंड आलंय हे मावशीने आधी नीट सांगितलंच नव्हतं.

आता या सगळ्यातली सर्वात गंभीर गोष्ट. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचा कॅन्सर बरा होण्याजोगा होता पण ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट होता आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांसोबत असं काहीतरी पूरक घेणारे लोक होते. त्यातल्या ३४ टक्के लोकांनी सुचवलेली केमो नाकारली होती, इतरांत हे प्रमाण ३ टक्के होतं. म्हणजे धोका नुसता बाटलीतल्या थेंबांचा नसतो. 'आता याने भागेल' असं वाटून खरा उपचार सुटतो, तो मोठा धोका. मावशी नेमकी तिथेच उभी होती.

म्हणून ग्रुपवर असा फॉरवर्ड आला तर तीन गोष्टी बघा. हे बशीत झालं, उंदरात झालं की माणसांत? माणसांत झालं असेल तर किती जणांत, आणि तुलनेला दुसरा गट होता का? आणि बाटली विकणारा लेबलवर काय लिहितोय? आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे, त्यानुसार कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून लेबलवर नुसतं 'रोगप्रतिकारशक्तीसाठी' लिहिलेलं असतं आणि कॅन्सरचं तोंडी किंवा फॉरवर्डमधून सांगितलं जातं.

आणि घरातलं कुणी लपून असं काही घेत असेल तर रागावू नका. दादाला मी फोनवर बरंच बोलले होते, त्याचं मला आता वाईट वाटतं. आई डोळ्यांदेखत झिजत असताना मुलाला काहीतरी करावंसं वाटतं आणि त्याच्या हातात मोबाइलच असतो. पुढच्या केमोला मी त्यालाच बोलावून घेतलं. तो दिवसभर तिच्या खाटेशेजारी बसला. त्याने केलेला हा उपाय मात्र लागू पडला.

मावशीची सातवी केमो परवा झाली. हातापायांना मुंग्या येतात, थकवा आहे, पण आठवी घ्यायचीच असं तिनेच ठरवलंय. पुढचं तपासण्या सांगतील. प्रोपोलिसची बाटली अजून आमच्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी त्यातले चार थेंब वापरले. पाण्यात काय विरघळतं आणि अल्कोहोलमध्ये काय, हे दाखवायला. ग्लास अर्थातच तोच घेतला.

पुढच्या अंकात भेटूच. तुमच्या घरीही असा एखादा अनुभव असेल तर संपादकांकडे जरूर कळवा.